गेमच्या कल्पना ठेवायच्या कुठे? वही, पत्ते की ॲप?

सोंगटी

एसटीच्या आगारावर पत्त्यांचा खेळ करतेय. खेळाडू म्हणजे आगारप्रमुख. गाड्या वेळेवर सोडायच्या, मुक्कामी गाडीला चालक-वाहक द्यायचे, जत्रेला जादा गाड्या काढायच्या. दोन वर्षं झाली. ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये 312 नोंदी आहेत, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्याचा आलेख उघडून बघत बसायला फार छान वाटतं. खेळ मात्र एकदाही शेवटपर्यंत खेळून झालेला नव्हता.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वीज गेली. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहून 60 पत्ते केले आणि मेणबत्तीच्या उजेडात सासूबाईंना घेऊन बसले. तिसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "दर वेळी डिझेल मोजायला मी काय पंपावर बसलेय का?" संपलं. डिझेलवर माझ्या 27 नोंदी होत्या!

तर माझं मत: ॲप काढून टाका. कल्पना सुचली की वहीत एक ओळ, मग पत्ता. पत्त्यावर मावत नसेल तर ती गेली. मी तर सगळं पुसायच्या विचारात आहे. पटत नसेल तर बोला.

अर्धवटराव

नाचता येईना अंगण वाकडं. 27 नोंदी तुम्ही लिहिल्यात, ऑब्सिडियनने नाही. उलट त्यात सगळं साध्या मार्कडाऊन (म्हणजे निव्वळ मजकुराच्या) फायलींत, आपल्याच डिस्कवर राहतं. उद्या ते ॲप बंद पडलं तरी फायली नोटपॅडमध्ये उघडतील. मी हे एवढ्या पोटतिडकीने सांगतोय कारण पूर्वी एका दुसऱ्या ॲपमध्ये माझ्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या. फुकट खात्याची मर्यादा एका रात्रीत आवळली आणि बाहेर काढलेल्या फायलींत चित्रं एकीकडे, मजकूर दुसरीकडे. तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतो: यातून बाहेर कसं पडायचं?

आणि लग्नपत्रिकांवर पाणी सांडलं की काय करणार?

सोंगटी

पुन्हा लिहीन. 60 पत्ते लिहायला पाऊण तास लागला. आणि आठवला नाही तो पत्ता बहुधा नकोच असेल.

घाटमाथा

अर्धवटरावांशी अर्धाच सहमत (नावाला जागून). दोघेही शब्दांबद्दल बोलताय, आकड्यांबद्दल कोणीच नाही. ताई, 60 पत्त्यांत बिघाडाचे किती? आणि सुरुवातीला हातात किती देता?

सोंगटी

बिघाडाचे 6. हातात 5. बिघाड अधूनमधून यावा अशी अपेक्षा.

घाटमाथा

मग तुमचा "अधूनमधून" म्हणजे 42 टक्के. सुरुवातीच्या पाच पत्त्यांत निदान एक बिघाड येण्याची शक्यता तेवढी आहे. चार जण बसले तर बहुतेक डावांत कोणाची ना कोणाची गाडी आगारातच उभी. बिघाड 3 केलेत तर 23 टक्के. हे मला कागदावर सुचलं नसतं, गूगल शीटमध्ये यासाठी तयार सूत्र आहे. दोन रकाने मांडा, आकडा बदला, बघा.

आणि शीट असली की पत्ते पुन्हा हाताने लिहायला नकोत. नॅनडेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं, शीटच्या एकेका ओळीचा एकेक पत्ता करून देतं. वही रोमँटिक वगैरे ठीक आहे, पण खेळ ज्या दिवशी दुसऱ्यांदा बदलतो त्या दिवशी शीट लागतेच.

रातकिडा

व्हिडिओ गेमवाल्याचे दोन पैसे. आम्ही तिघं. मी पुण्यात, चित्रकार नाशिकला, कोड लिहिणारा स्टुटगार्टला. कोणी म्हणेल, निन्टेंडोने 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पातळ्या आलेखकागदावर आखल्या, बदल करायचा तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून नवं काढायचं. खरं आहे. पण तो कागद हातोहात प्रोग्रामरकडे जायचा. माझा स्टुटगार्टला कसा जाणार? व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवला होता एकदा. त्याने "उडी 3 चौकोन" हे "8 चौकोन" वाचलं. आमचा नायक दोन आठवडे बेडकासारखा उड्या मारत होता.

म्हणून सामाईक ऑनलाइन बोर्ड, एकेका कल्पनेचं एकेक कार्ड. आणि त्यात एक रांग "का नाही" अशी. टाकून दिलेली प्रत्येक कल्पना तिथे, खाली एका ओळीत कारण. ताई, तुमच्या 27 नोंदी पुसू नका. चार महिन्यांनी कोणीतरी उत्साहाने विचारणार, "डिझेल का नाही ठेवलं?" तेव्हा सासूबाईंचं वाक्य दाखवा.

अर्धवटराव

"का नाही" ची रांग चोरतोय. पण रातकिडा, तुमच्या बोर्डावर एकूण कार्डं किती?

रातकिडा

190. माहीत आहे, माहीत आहे.

अर्धवटराव

हाहा. जाडजूड दस्तऐवजाचं जुनं उदाहरण म्हणजे डूम हा व्हिडिओ गेम. 1992 मध्ये तो बनवणाऱ्या कंपनीतल्या टॉम हॉल यांनी 'डूम बायबल' लिहिलं, पात्रं, कथानक, सगळं. 1993 अखेर गेम आला तेव्हा त्यातलं बरंचसं गाळलेलं होतं, आणि हॉल कंपनी सोडून गेले होते. याउलट गेम डिझायनर स्टोन लिब्रांडी यांनी 2010 च्या जीडीसीमध्ये (गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत) एकपानी आराखड्याचं भाषण दिलं: अख्खी रचना एका कागदावर, मधोमध चित्र, भोवती टिपा. हवं तर कागद मोठा घ्या, पण एकच. मी ऑब्सिडियनवाला असूनही ते पान भिंतीवर चिकटवतो. नोंदी माझ्यासाठी, पान इतरांसाठी.

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्यावीघ्यावी. तुम्ही सगळे नोंदी मराठीत करता का? मी करते, आणि मला तरी शोध हीच मोठी अडचण वाटते. "रस्ता" शोधलं की "रस्त्यावर", "रस्त्यात" सापडतच नाही. "घाट" शोधलं तर "घाटात" मिळतं, कारण तिथे शब्द तसाच राहतो. सामान्यरूप झालं की नोंद हरवली. वर्षभर मला वाटत होतं मी खड्ड्यांबद्दल काही लिहिलंच नाहीये. लिहिलं होतं, पण मी "खड्डा" शोधत होते.

अर्धवटराव

सुंदर मुद्दा, हा माझ्या लक्षातच आला नव्हता. ऑब्सिडियनमध्ये दुवा "रस्ता" या नोंदीचा ठेवून वाक्यात "रस्त्यावर" दिसेल असं करता येतं, मध्ये उभी रेघ देऊन. पण दर वेळी करायला कंटाळा येतो हे मान्य. मी टॅग कायम मूळ रूपात लिहितो.

रातकिडा

अवांतर: मराठी मजकूर गेममध्येही दाखवायचा असेल तर गोडो (गेम बनवायचं इंजिन) 4 घ्या. 3 मध्ये जोडाक्षरं फुटतात. आमचा "मृत्यू" पडद्यावर असा काही दिसायचा की खेळाडू घाबरण्याऐवजी हसायचे.

सोंगटी

वाचतेय सगळं. काल बिघाड 3 वर आणले आणि घाटमाथांच्या सांगण्यावरून शीट केली. चार रकाने, त्याहून जास्त करणार नाही. डिझेलच्या 27 नोंदी एका फायलीत कोंबल्या, फायलीचं नाव "अडगळ". बाकी मत तेच आहे. शीटने बिघाड किती ते सांगितलं, पण डिझेल कंटाळवाणं आहे हे तिने जन्मात सांगितलं नसतं.

अर्धवटराव

पुसणार होता ना? माळा केलातच की शेवटी.

सोंगटी

केला. रात्री पुन्हा खेळलो. सासूबाई विचारतात, मुक्कामी गाडीच्या वाहकाला गावात जेवायला कोण घालतं? दोन वर्षांत 312 नोंदींत हे कुठेच नव्हतं. त्याचा पत्ता करायचाय, पण पत्रिका संपल्यात. कोणाकडे लग्न आहे का?