मुंबई शहर जिल्ह्याचा जन्मदर नेमका कसा काढावा?

गिरणगावकर

मुंबई शहर जिल्ह्यातील लोकसंख्याबदलावर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती आणि २०११मध्ये ती ३०,८५,४११वर आली. वर्षभरात नोंदवलेल्या जन्मांना लोकसंख्येने भागून हजाराने गुणले, तर मिळणारा जन्मदर जिल्ह्यासाठी आणि महापालिकेच्या प्रत्येक विभागासाठी ग्राह्य धरता येईल का? तसेच लोकसंख्या घटली म्हणजे जन्म घटले, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल का?

सांख्यिकीप्रेमी

सूत्र बरोबर आहे. प्रश्न अंशाचा, म्हणजे जन्मांच्या आकड्याचा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९नुसार जन्माची नोंद तो जेथे झाला तेथे होते, आई कोठे राहते यावरून नव्हे. केईएम, वाडिया, नायर, जे. जे., कामा ही सारी रुग्णालये याच जिल्ह्यात आहेत आणि तेथे उपनगरांतूनच नव्हे, तर ठाणे-पालघरकडूनही बाळंतिणी येतात. केईएम आणि वाडिया दोन्ही परळला असल्यामुळे एफ दक्षिण विभागाचा असा दर तेथील रहिवाशांविषयी जवळजवळ काहीच सांगणार नाही. शिवाय या जिल्ह्यातील कित्येक मुली लग्नानंतर सासरी जातात आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतात, उलट येथल्या सुना आपापल्या गावी जातात. त्या सुनांच्या बाळांच्या नोंदी सातारा-रत्नागिरीत होतात.

यावर उपाय मात्र नोंदणीच्याच अर्जात आहे. त्याच्या सांख्यिकीय भागात आईचे नेहमीचे वास्तव्य कोठे आहे ते विचारलेले असते आणि ते प्रसूतीच्या ठिकाणापेक्षा वेगळे असू शकते, हे तेथेच स्पष्ट केलेले आहे. त्यावरून वर्गवारी केलेले आकडे मिळवा. कल्पित उदाहरण घेतो: ३० लाख लोकवस्तीत ६० हजार जन्म नोंदवले गेले, तर दर २० येतो, त्यांपैकी २० हजार माता बाहेरच्या असतील, तर तो १३.३ उरतो (बाहेर झालेले जन्म अजून मिळवायचे आहेतच).

लोकगणना

छेदाकडेही तितकेच लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. २०११नंतर जनगणना झालेली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्यामुळे आजची लोकसंख्या हा केवळ अंदाज आहे. जेथे चाळींच्या जागी मनोरे उभे राहतात, तेथे जुना वाढीचा किंवा घटीचा वेग पुढे ओढत नेणे धोक्याचे आहे. मी आपल्या जागी असतो, तर २०१० ते २०१२ या तीन वर्षांच्या जन्मांची सरासरी घेऊन तिला १ मार्च २०११च्या लोकसंख्येने भागले असते.

शिवाय २०११मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रियाच होत्या, कारण कामासाठी एकटे आलेले पुरुष येथे पुष्कळ आहेत. ते छेदात मोजले जातात आणि जन्मदर खाली ओढतात. म्हणून १५ ते ४९ वयाच्या दर हजार स्त्रियांमागे जन्म मोजणारा सर्वसाधारण जननदर सोबत द्यावा. नमुना नोंदणी पद्धतीचे (निवडक नमुन्यावरून जन्म-मृत्यूंचे दर काढणाऱ्या सरकारी सर्वेक्षणाचे) दर राज्यपातळीचे असतात, ते जिल्ह्याला चिकटवू नयेत.

गिरणगावकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घटीविषयीच्या प्रश्नावरही कोणी लिहावे, अशी विनंती आहे.

माहीमकर

घटीचे कारण जन्मांत शोधू नये. लोकसंख्येतील बदल म्हणजे जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. घट २,५२,६२० इतकी आहे. त्या दशकात रहिवाशांचे जन्म मृत्यूंपेक्षा जितके अधिक झाले असतील, तितकी भर या आकड्यात घातली, की निव्वळ बाहेर गेलेल्यांची संख्या मिळते. याच काळात मुंबई उपनगर जिल्हा ८.२९ टक्क्यांनी आणि तत्कालीन ठाणे जिल्हा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढला. गिरण्या बंद पडल्या, घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या आणि कुटुंबे डोंबिवली, विरारकडे सरकली, हे गिरणगावातील माणसांना वेगळे सांगायला नको.

हा हिशोब करताना मृत्यूंचीही वास्तव्यानुसार वर्गवारी करावी. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात आणि तेथे झालेले मृत्यू याच जिल्ह्यात नोंदवले जातात. ते वजा केले नाहीत, तर नैसर्गिक वाढ खऱ्यापेक्षा कमी दिसेल आणि स्थलांतराचा आकडाही तितकाच कमी येईल.