फायर डिस्ट्रिक्टच्या बोर्डासाठी उभं राहावं का? (ओरेगॉन, ग्रामीण भाग)

प्रश्न: विहिरीवाली

आम्ही विलामेट खोऱ्याच्या कडेला राहतो. पाणी विहिरीचं, आणि जवळपास हायड्रंट (बंबाला पाणी देणारा नळ) नाही. नवरा आमच्या फायर डिस्ट्रिक्टमध्ये (करातून चालणारी स्थानिक अग्निशमन संस्था) व्हॉलंटियर आहे, पेजर वाजला की हातातलं टाकून पळतो. येत्या मे महिन्यात बोर्डाच्या दोन जागांची निवडणूक आहे. त्यातल्या एका जागेवरचे आजोबा आता थांबणार आहेत आणि ‘तू अर्ज भर’ म्हणून माझ्या मागे लागलेत. मी अकाउंटंट. आगीतलं ओ की ठो कळत नाही. माझं आडनाव इथे कुणाला धड उच्चारता येत नाही. शिवाय नवरा त्याच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवणारच. इथल्या कुणाला अनुभव आहे का?

उत्तर: टँकर_दोन

ताई, मी ओरेगॉनमध्येच अशा एका बोर्डावर आहे, दुसरी टर्म चालू आहे. आगीतलं कळत नाही हे तर बरंच आहे. बोर्डावर येऊन ‘त्या रात्री होज कुठून टाकायला हवा होता’ हे चीफला (अग्निशमन प्रमुखाला) शिकवणारे निवृत्त वीर आमच्याकडे भरपूर आहेत. घटनास्थळी बोर्ड मेंबरला काडीचा अधिकार नसतो. चीफ नेमायचा, धोरण ठरवायचं, बजेट मंजूर करायचं, एवढंच काम. ते करायला हिशेब वाचता येणारं माणूस लागतं.

आणि हिशेब साधा नाही. 1997 च्या ‘मेझर 50’ या मालमत्ता-कराच्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक डिस्ट्रिक्टचा कायमचा कर-दर गोठलेला आहे. बोर्डाला तो वाढवता येत नाही, मतदारांनाही नाही. घराची असेस्ड व्हॅल्यू (करासाठी धरलेली किंमत), नवीन बांधकाम वगैरे सोडलं तर, वर्षाला फार तर 3 टक्क्यांनी चढते. समजा दर हजारी दीड डॉलर आहे आणि घराची असेस्ड व्हॅल्यू 3 लाख, तर त्या घरातून वर्षाला 450 डॉलर येतात. त्यात इंजिन (आगीचा बंब), टेंडर (पाण्याचा टँकर), डिझेल, विमा, सगळं. इंजिनच्या किमती 3 टक्क्यांच्या हिशेबाने चढत नाहीत हे सांगायला नको. टर्नआउट गिअर (आगीत घालायचा पोशाख) 10 वर्षांनी बाद, एअर-पॅकचे (पाठीवरच्या श्वासयंत्राचे) कंपोझिट सिलेंडर साधारण 15 वर्षांनी. ही बिलं कधी येणार ते आधीपासून ठाऊक असतं, तरी दर वेळी कुणीतरी चकित होतं. म्हणून बजेट हातात आलं की पहिल्यांदा उपकरणांचा रिझर्व्ह फंड बघा. तो आटलेला असेल तर बाकीचे आकडे कितीही गोजिरे असोत, दोन-चार वर्षांत लेव्ही, म्हणजे ठरावीक मुदतीचा जादा कर, मागावी लागणार.

खरी परीक्षा तीच. लोकल ऑप्शन लेव्ही मतदारांकडून घ्यावी लागते, रोजच्या खर्चासाठी जास्तीत जास्त 5 वर्षांची. शेजाऱ्याच्या अंगणात उभं राहून ‘तुमचा कर वाढवायचाय’ म्हणायचं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये ओरेगॉनमधली टॅलंट आणि फीनिक्स ही गावं जळाली तेव्हा प्रत्येकाला इंजिन दारात हवं होतं. पुढे कराची गोष्ट निघाली की तीच माणसं खाली बघतात. मी त्यांना दोष देत नाही, पेन्शनवर जगणाऱ्याला शंभर डॉलरही जाणवतात. पण ज्याला हे तोंडावर बोलायचा संकोच आहे त्याने उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नवऱ्याचं म्हणाल तर व्हॉलंटियरांचा भत्ता किंवा फायदा यावर विषय आला की हितसंबंध सभेत जाहीर करायचा, गरज पडेल तिथे चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हायचं. आधी राज्याच्या एथिक्स कमिशनला विचारून घ्या, ते सल्ला देतात. दुसरं म्हणजे पाचांच्या बोर्डात तीन म्हणजे कोरम. तिघांनी व्हॉट्सअॅपवर आपसात ठरवून टाकलं की सार्वजनिक सभेचा कायदा मोडला. आपल्या लोकांना ग्रुपची फार सवय, म्हणून मुद्दाम सांगतो.

उत्तर: पलीकडचा_काठ

मी कोलंबिया नदीच्या पलीकडे, वॉशिंग्टनमध्ये. आमच्याकडे यांना फायर कमिशनर म्हणतात, टर्म 6 वर्षांची, आणि निवडणूक विषम वर्षांच्या नोव्हेंबरात. त्यामुळे तारखा माझ्याकडून घेऊ नका. आडनावाची मात्र काळजी सोडा. ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये बऱ्याच जागांवर एकच उमेदवार असतो, कधी तोही नसतो आणि कुणाचं तरी नाव हाताने लिहून माणूस निवडून येतो.

विहिरीवाली

टँकरदादा, लेव्हीचं वाचून पोटात गोळा आला, पण आकडे बघायची हौसही आली. अर्ज भरण्याआधी काही करता येईल का?

टँकर_दोन

येईल की. बजेट कमिटीत बोर्ड मेंबर आणि त्यांच्याइतकेच साधे मतदार असतात, बोर्डच त्या मतदारांना नेमतं, आणि तिथेही जागा रिकाम्याच असतात. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणून कमिटी वसंतात बसते. तिथे जा, चीफला हवे ते प्रश्न विचारा. बोर्डाचा अर्ज काउंटी क्लार्ककडे द्यायचा. मुदत निवडणुकीच्या सुमारे दोन महिने आधी संपते, म्हणजे मार्चमध्येच, आणि अर्ध्या लोकांची संधी तिथेच जाते. मतपत्रिकेवर पक्ष नसतो. काउंटीच्या मतदार-पुस्तिकेत निवेदन छापून घेता येतं, त्याची फी क्लार्कलाच विचारा. निवेदनात ‘अकाउंटंट’ पहिल्या ओळीत टाका, नवऱ्याचं व्हॉलंटियर असणंही लपवू नका. आणि त्या आजोबांकडून गेल्या काही वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आजच मागून घ्या.