पक, चकती की सोंगटी? बर्फावरच्या हॉकीसाठी आपले शब्द

टिळकवाडी, बेळगाव

लेकीकडे माँट्रियलला असताना बेल सेंटरमध्ये बर्फावरच्या हॉकीचा सामना प्रत्यक्ष पाहिला आणि या खेळाचं वेडच लागलं. परत आल्यावर घरच्यांना, शेजारच्या मुलांना भरभरून सांगायला बसते, पण तोंडात सगळे इंग्रजी शब्द येतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे हे मनाला फार लागतं. जाणकारांनी मदत करावी.

आधी खेळाचं नाव. बेळगावात हॉकी म्हटलं की बंडू पाटलांची हॉकी. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात आपल्या गावचा गडी होता, हे इथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची, आणि आपल्या हॉकीच्या नावाआधी 'फील्ड' जोडतात. 'हिमहॉकी' असा शब्द कुणी सुचवेल, पण हिम म्हटलं की डोंगरावरचा भुसभुशीत बर्फ आठवतो. हा खेळ टणक, गुळगुळीत लादीवर चालतो. 'बर्फाची लादी' हा शब्द आपल्याकडे बाजारातच आहे. म्हणून मी 'बर्फावरची हॉकी' म्हणते. लांब आहे, पण स्वच्छ आहे.

खरी अडचण पकची, म्हणजे ज्या वस्तूने हा खेळ खेळतात तिची. चेंडू म्हणावा तर तो चेंडूसारखा गोल नाही, आणि उसळण्यापेक्षा सरकणं हा त्याचा धर्म. काळ्या कडक रबराचा चपटा तुकडा, व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढं. सामन्याआधी तो गोठवून ठेवतात, नाहीतर रबर उसळतं. कसलेल्या खेळाडूचा फटका ताशी 150 किलोमीटरच्या वर जातो. दोन्ही गोलांच्या मागे प्रेक्षकांपुढे उंच जाळी बांधलेली असते ती त्यासाठीच.

टीव्हीवर मी तो तुकडा शोधत बसायची. प्रत्यक्षात तसं होत नाही. सगळ्या गड्यांचे खांदे जिकडे वळतात तिकडे आपली नजर आपोआप जाते, तुकडा दिसो न दिसो. आणि कान तर टीव्हीवर उपाशीच राहतात. बुटांखालच्या पात्यांनी बर्फ कापल्याची खर्र खर्र, काठीवर तुकडा बसल्याचा टक्क, खांबाला लागला की टण्णकन, दोघे कडेच्या भिंतीवर आदळले की धाडकन, आणि त्यापाठोपाठ वरची जाड काच हलताना दिसते. हे सांगताना मला एकदाही इंग्रजीकडे जावं लागलं नाही. अडतं ते नावांपाशी.

तर पकला काय म्हणावं? स्केटिंगला क्रियापद कोणतं? गड्याला दोन मिनिटं बाहेर बसवणं, चालू खेळात गडी बदलणं, मधल्या वेळेत यंत्र फिरवून बर्फ नीट करणं, यांना काय म्हणाल?

उद्यमबाग, बेळगाव

बाई, चकतीच म्हणा. आमच्या शॉपमध्ये गोल सळईतून कापलेला चपटा तुकडा म्हणजे चकती. जाड असो, पातळ असो, ऐकणाऱ्याला आकार लगेच कळतो. 'पक' ठेवला तर तो 'पक्का' आणि 'पकडला' यांच्यात हरवतो. 'पकला पकडलं' असं वाक्य मोठ्याने म्हणून बघा की.

निपाणी

चकती कारखान्यातली झाली, खेळातली नाही. मी सोंगटी सुचवतो. कॅरमची सोंगटी सरकते, कडेला आपटून परत येते. बाई, बर्फावरही कडेवर आपटवून पास देतात ना? शिवाय 'सोंगटी गेली' हे आपण लहानपणापासून म्हणत आलोय. गोल झाल्यावर तोंडातून तेच येईल.

टिळकवाडी

दादा, कडेचं तुमचं अगदी बरोबर. खेळाच्या लादीभोवती बुटकी भिंत असते आणि तिच्यावर आपटवून पास देणं हा रोजचा डाव आहे. 'कडेवरून काढली' हा कॅरमचा वाक्प्रयोग मी घेतला. पण सोंगट्या पटावर पुष्कळ असतात आणि आपण त्यांना स्ट्रायकरने मारतो. इथे वस्तू एकच आणि काठी थेट तिलाच लागते. माझा कौल चकतीला.

आणखी एक कारण आहे. माँट्रियलला घोषणा आधी फ्रेंचमध्ये होते, मग इंग्रजीत. बेळगावात वाढलेल्या माणसाचे कान अशा वेळी टवकारतातच. जावयांना विचारलं, तर कळलं की तिकडचे फ्रेंच भाषक पक म्हणत नाहीत, 'रोंदेल' म्हणतात. रोंदेल म्हणजे आपला वॉशर, गोल चपटी चकती! उद्यमबागेतल्या माणसाला जो शब्द सुचला तोच त्यांनाही सुचला. स्लॅप शॉटला, म्हणजे काठी मागे उचलून मारलेल्या जोरदार फटक्याला, ते 'लांसे फ्रापे' म्हणतात. हे शब्द घरोघरी पोचवण्यात समालोचक रने लकाव्हालिए यांचा वाटा मोठा. 1952 पासून टीव्हीवर ते फ्रेंचमधून हॉकी सांगत होते. आपल्याकडे आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेट ऐकवलं, तशाच तोलाचं हे काम. निर्धाव षटक, झेल, त्रिफळा हे शब्द आज कुणाला जड वाटतात का? कानावर रोज पडले म्हणून ते हलके झाले. चकतीचंही तसंच होईल असा माझा विश्वास आहे.

खानापूर तालुका, माजी सैनिक

मी मराठा लाइट इन्फंट्रीतला. लेहला असताना कारझूच्या तळ्यावर हा खेळ मनसोक्त पाहिलाय. जागा साडेतीन हजार मीटर उंचीवरची, हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्यावरच सामने. काच नाही, खुर्च्या नाहीत, कडेला उभं राहायचं. पाय बधिर होतात, पण हलवत नाही. लष्करातले लडाख स्काउट्स आणि आयटीबीपी, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलीस, यांचे संघ फार कसलेले. खेळाडू तुमच्यापासून हाताच्या अंतरावरून जातो, त्याचा श्वास ऐकू येतो.

तुमच्या बर्फ नीट करण्याबद्दल. तिथे खेळ संपला की पोरं बर्फ झाडायची आणि रात्री वरून पाणी मारायची. सकाळपर्यंत नवा थर धरलेला. गवंडी स्लॅबवर पाणी मारतो तसंच ते. म्हणून आम्ही मराठी जवान 'पाणी मारणं' एवढंच म्हणायचो.

आणि एक गोष्ट नोंदवा. भारताचा महिला संघ पहिल्यांदा 2016 ला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, 2017 ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सवर पहिला विजय मिळवला आणि 2025 ला आशिया चषकात ब्राँझपदक आणलं. बहुतेक मुली लडाखच्या. त्यांच्या खेळाबद्दल मराठीत लिहायचं तर शब्द लागणारच.

टिळकवाडी

मामा, हे वाचून फार बरं वाटलं. तळ्यावर 'पाणी मारणं' चपखल आहे. स्टेडियममधलं यंत्र मात्र आणखी काही करतं. फ्रँक झांबोनी यांनी 1949 ला कॅलिफोर्नियात ते बनवलं, म्हणून त्याला झांबोनीच म्हणतात. ते खाली पात्याने बर्फाचा पातळ थर खरवडून आत घेतं आणि मागून गरम पाण्याचा हात फिरवत जातं. पात्यांनी पडलेले ओरखडे भरून येतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात, त्यांच्या मधल्या वेळेत हे चालतं आणि लोक चहा-कॉफी सोडून बघत बसतात. मला त्याला 'सारवणं' म्हणावंसं वाटतं. उखणलेली जमीन भरून गुळगुळीत करणं हा अर्थ त्यात आधीच आहे.

कॅम्प, बेळगाव, जुना हॉकी खेळाडू

सारवणं छान. पण दोन शब्दांबद्दल सावध करतो. 'पॉवर प्ले' तसाच ठेवू नका. क्रिकेट बघणाऱ्याला वाटेल क्षेत्ररक्षणाची मर्यादा. इथे अर्थ वेगळा: नियम मोडलेला गडी दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ समोरच्यांचा एक गडी जास्त. सरळ 'पाचास चार' म्हणा. कमी गड्यांनी गोल खाल्ला की बाहेर बसलेला परत येतो, हेही सांगा, नाहीतर नवख्याला कळत नाही. बाहेर बसायच्या जागेला 'शिक्षेचा बाक' पुरे.

दुसरा 'फेसऑफ'. आमच्या वेळी सामना बुलीने सुरू व्हायचा, दोघे समोरासमोर, काठीला काठी लावून. म्हणून काही जण फेसऑफला बुली म्हणतील. म्हणू नका. बर्फावर पंच चकती वरून टाकतो आणि दोघे तिच्यावर तुटून पडतात. 'चकती पडली' एवढ्यात सगळं आलं.

निपाणी

सोंगटी हरली, हरकत नाही. मग चालू खेळात गडी बदलण्याला 'खो' द्या. खो-खोत धावणारा जागेवर बसतो आणि बसलेला उठून धावतो, खेळ थांबत नाही. इथेही तेच की.

टिळकवाडी

दादा, हा मी आनंदाने घेतला. बर्फावर गोली, म्हणजे गोलरक्षक, धरून सहा गडी असतात, आणि गोली सोडून बाकीचे साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात, मग भिंतीवरून बाकावर. तोवर दुसरे उडी मारून आत आलेले असतात. चाळीस-पन्नास सेकंदांत एवढे दमतात, यावरून वेगाची कल्पना यावी. लेकीने पहिल्यांदा मला तेच बघायला सांगितलं, चकती नको बघू, बाक बघ म्हणाली.

बेळगाव, रोलर स्केटिंग शिकवणारी

क्रियापदाचं मी सांगते, कारण आमच्या रिंकवर रोज लागतं. 'घसरणं' चालणार नाही. मुलाला 'घसरू नको' म्हणजे पडू नको. 'सरकणं' फार मंद आहे, सरकतं ते कपाट. आमची मुलं 'सुटला बघ' म्हणतात, वेग घेणाऱ्याला तोच शब्द द्या. पायाने जोर लावण्याला 'रेटा मारणं'. आणि बर्फावर थांबायची जी रीत आहे, दोन्ही पाती एकदम आडवी करून, बर्फाच्या भुग्याचा फवारा उडवत, तिला 'पाय आडवे घालून थांबणं'. चाकांवर आमच्या थोरल्या मुली साधारण तसंच थांबतात.

अंगावर जाऊन आदळण्याला 'खांदा देणं' असं कुणी सुचवण्याआधी सांगते, ते नको. आपल्याकडे खांदा तिरडीला देतात. कबड्डीतली 'धडक' आहेच.

टिळकवाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. या शब्दांनी एक तुकडा लिहून पाहिला:

'चकती पडली. लालने मागे ओढली, कडेवरून काढली. डावीकडचा गडी सुटला, निळी रेघ ओलांडली, बचाववाला आडवा आला, धडक! काच हादरली, चकती मोकळी. मागून आलेल्याने पाय आडवे घालून थांबत सणसणीत मारली, टण्णकन खांब! परतलेली चकती तिसऱ्याने गोलीच्या दोन पायांमधून ढकलली. गोल!'

खानापूर तालुका, माजी सैनिक

बाई, नातवाला मोठ्याने वाचून दाखवलं, तो उठून उभा राहिला. दोन बदल करा. 'ढकलली' ऐवजी 'सरकवली'. ढकलायला जोर लागतो, पायांच्या फटीतून चकती हलक्या हाताने जाते. आणि 'चकतीसकट निळी रेघ ओलांडली' असं लिहा. निळी रेघ म्हणजे समोरच्यांच्या भागाची हद्द. चकतीच्या आधी गडी रेघेपलीकडे गेला तर पंच ऑफसाइड देईल.