मदत हवी आहे: बायपोलरमध्ये मूड बदलला की एमआरआयही बदलतो का?

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. थोरल्या दादाला बायपोलर आहे. हळदीच्या हंगामात त्याचं डोकं चढलं होतं. सौद्यात भलत्याच बोली लावायचा, उधारीवर पोती उचलायचा, रात्र-रात्र झोप नाही. आता सगळं उलटं. भिंतीकडे तोंड करून पडून असतो, दाढीला हात लावत नाही. लिथियम चालू आहे.

आजार पहिल्यांदा उमटला तेव्हा मिरजेत एमआरआय काढला होता, रिपोर्ट नॉर्मल आला. आप्पांनी ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि म्हणाले, "डोक्यात काही नाही, नुसती थेरं आहेत." तेव्हापासून गोळ्यांवरून घरात रोज वाद. दाजींनी कुठंतरी वाचलं की तेजीत आणि उदासीत मेंदूची रचना वेगळी दिसते. आता या अवस्थेत परत काढू, फरक दिसला की आप्पांना पटेल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर "गरज नाही" एवढंच म्हणाले. ओपीडीत गर्दी, पुढं विचारायला सवडच मिळाली नाही. खरंच फरक दिसतो का? आणि लिथियमनं मेंदू खराब होतो म्हणतात, ते?

कृष्णाकाठ:
ताई, मी मानसोपचारात एमडी करतोय. दादांना न बघता त्यांच्याबद्दल बोलणार नाही, पण एमआरआयचे पैसे वाचवा.

एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटानं 2018 मध्ये साडेसहा हजार लोकांचे स्कॅन ताडून पाहिले. बायपोलर असलेल्यांत मेंदूची वरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, कपाळामागं आणि कानशिलाजवळ किंचित पातळ निघाली. पण ही सरासरी झाली. फरक इतका बारीक की एकट्या माणसाच्या फिल्मवरून कुणाला बायपोलर आहे ते ओळखता येत नाही. मूडप्रमाणे तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत तेजीतली माणसं वेगळी आणि उदासीतली वेगळी असतात, निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. दाजींनी वाचलेलं अगदीच खोटं नाही, पण दादांच्या दोन फिल्म शेजारी ठेवून ते दिसणार नाही. एमआरआय काढतात तो गाठ, पक्षाघात असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. नॉर्मल म्हणजे ते नाही, एवढंच. अर्धशिशीतही एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो, म्हणून डोकं दुखत नाही का?

लिथियमचं उलट आहे. त्याच अभ्यासात लिथियम घेणाऱ्यांची साल कमी पातळ होती. 2022 च्या एका पाहणीत, ज्यांना मेनियाचे, म्हणजे तेजीचे, झटके जास्त आले त्यांची साल जास्त वेगानं पातळ होताना दिसली. तेव्हा आप्पांशी वाद घालायचाच तर झटका टाळण्यावर घाला. जपायचं ते किडनी आणि थायरॉइडला, त्यासाठी रक्ततपासणी. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत, रक्तातलं लिथियम वाढतं.

दादा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलले तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही दिवसरात्र चालू असतो.

धागाकर्ती:
आभारी आहे. आप्पांना स्वतःलाच अर्धशिशी आहे, आज तोच विषय काढते! लिथियमच्या तपासणीला सकाळी गोळी घेऊन जायचं का?

कृष्णाकाठ:
नाही. रात्रीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती त्यानंतर. आणि आप्पांनाही पुढच्या तारखेला ओपीडीत घेऊन या, ताई. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असतं.