‘पंधरा एचपी बस झाले’ म्हणणाऱ्यांनी एकदा माडाचा बुडखा काढून दाखवावा

खोडकर
परवा इथे फोरमवर एकाने ठणकावून लिहिलं की झाडं तोडायचा धंदा लहान असेल तर हँडलचं १५ एचपीचं स्टंप ग्राइंडर (दातेरी चाक फिरवून बुडख्याचा चुरा करणारं यंत्र) घ्या, गोव्यातला कुठलाही बुडखा निघतो, त्याहून मोठं यंत्र म्हणजे नुसता रुबाब. खाली चाळीस जणांनी अंगठे दाखवले. त्या चाळिसांतल्या किती जणांनी चाक जमिनीला लावलंय, कोण जाणे.

आधी एचपीचं बघू. बाजारातल्या स्वस्त यंत्रांवर १५ एचपीचं लेबल असतं, आत ४२० सीसीचं इंजिन. होंडाचं जीएक्स३९० हे ३८९ सीसीचं. त्यावर पूर्वी १३ एचपी लिहायचे, आता कंपनी स्वतःच नेट ११.७ सांगते, तेही मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर. मग त्या लेबलवरच्या पंधरातले चाकापर्यंत किती पोचतात ते तुम्हीच ठरवा.

आता काम बघा. बुडख्याचा व्यास दुप्पट झाला की काम चौपट होतं. एक फुटाचा काजू अर्ध्या तासात निघाला म्हणून दोन फुटांचा रेन ट्री तासात निघत नाही. दोन तास लागतात, आणि बुडाशी तो पसरलेला असतो म्हणून त्याहून जास्तच. हँडलच्या यंत्रात जमिनीवरचं एक टायर ब्रेकने अडवायचं आणि अख्खं धूड त्याच्याभोवती हातांनी फिरवायचं. प्रत्येक फेरीला धक्का मनगटात. दिवसाला तीन बुडखे काढल्यावर चौथ्याला तो माणूस चाक नीट टेकवतच नाही, वरवर खरवडतो. चार इंचांवर थांबतो आणि वर माती ओढतो. पुढच्या पावसाळ्यात साग नाहीतर सुबाभूळ पुन्हा फुटून वर येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. २५ एचपीच्या पुढचं, स्वतः चालणारं, दातेरी चाक हायड्रॉलिकने डावी-उजवीकडे फिरवणारं यंत्र घ्या. नसेल झेपत तर भाड्याने आणा. पण लहान यंत्रात पैसे घालू नका.

कुळागरी
खोडकरबाब, तुमचं २५ एचपीचं यंत्र पाचशे किलोच्या घरात जातं. ते फोंड्याच्या कुळागरात, पोफळी-माडांच्या बागायतीत, उतरवणार कसं? पायवाट दोन फुटांची, मध्ये पाण्याचा पाट, पाटावर एक फळी. हँडलचं यंत्र शंभरेक किलोचं. इंजिनाचे बोल्ट काढून दोन भाग केले की चार माणसं खांद्यावर नेतात. पणजीतल्या फोंताइन्हाशच्या गल्ल्या घ्या, म्हापशाची जुनी घरं घ्या. परसात जायची वाट घराच्या कुशीतून, तिथे मोठं यंत्र वळत नाही.

शिवाय जीएक्स३९०चा कार्ब्युरेटर, प्लग, दोरी म्हापशात मिळते, मडगावात मिळते. बाहेरून मागवलेल्या मोठ्या यंत्राचा हायड्रॉलिक पंप गेला की भर हंगामात ताडपत्री घालून ठेवा आणि वाट बघा.

चिरेखाण
दोघेही एचपीवर भांडताय. गोव्यात यंत्राचा जीव घेतो तो चिरा, म्हणजे जांभा दगड. तांबड्या मातीखाली वीतभरावर जांभा लागतो, नाहीतर जांभ्याची खडी. दाताच्या टोकाला पितळेने डाग देऊन बसवलेला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असतो. लाकडात तो आठवडे चालेल, जांभ्याच्या एका गोट्यावर त्याची कपची उडते. एक दात गेला की चाक तोल सोडतं, यंत्र थरथरतं, त्या थरथरीने शेजारचे बोल्ट सैल होतात आणि मग रांगेने दात जातात.

म्हणून यंत्र सुरू करायच्या आधी टिकाव आणि पहार. बुडख्याभोवती फूटभर रुंद, वीतभर खोल चर मारा, दगड वेचा, मुळांवरची माती पाण्याने धुवा. मग चेनसॉने बुडखा जमिनीपासून दोन-तीन इंचांवर आणा. मातीत साखळी घालू नका, एका मिनिटात बोथट होते. आणि धार लावताना साधा करडा दगड वापरू नका. त्याने पोलाद झिजतं, कार्बाइड नाही. हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा डायमंडचं चाक लागतं. तापलेला दात पाण्यात बुडवला तर केसाएवढ्या भेगा पडतात, त्या दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तुकडा उडतो. तो पंधरा मीटरवरच्या गाडीची काच फोडू शकतो. समोरचा रबरी पडदा ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन.

बॅकहो_भाऊ
एवढा खटाटोप कशाला? जेसीबी बोलवा. वीस मिनिटांत बुडखा मुळासकट बाहेर. माड तर आणखी सोपा. त्याला सोटमूळ नाही, करंगळीएवढ्या मुळ्यांचा नुसता झुपका. बकेटने दोन बाजूंनी मुळ्या तोडा, तिसऱ्या बाजूने उचला. ग्राइंडर माडासाठी नाहीच. माडाचा बुडखा फुटत नाही, कोंब एकच आणि तो शेंड्याला. मग तो दळायचा कशाला?

खोडकर
साडेसात टनांचं धूड साळगावच्या एखाद्या परसात घाला आणि बघा. आधी गडगा पाडा, मग फाटक काढा, मग चिऱ्यांची सेप्टिक टाकी कुठे आहे ते टायर खाली गेल्यावर कळेल. खड्डा पडतो पाच फुटांचा, तो भरायला माती कोण देणार? भाटकार (जमीनमालक) म्हणतो, झाड काढायला सांगितलं होतं, तळं खणायला नाही.

सोंड्या
‘माडाचा बुडखा दळायचा कशाला’ हे बॅकहो_भाऊंनी लिहिलं, तिथे थांबा. कुजत चाललेला माडाचा बुडखा म्हणजे गेंडा भुंग्याचं बाळंतघर. त्याच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, भुंगे वर येऊन शेजारच्या माडाचा कोंब पोखरतात, आणि मग पानं कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसतात. आजारी माड तोडला असेल तर लाल सोंड्या हा किडाही तिथेच. म्हणून माडाचा बुडखा ठेवायचा नाही. दळा.

कुळागरी
दळा म्हणणं सोपं. ओला माड चाकाला लावून बघितलाय? चिपा उडत नाहीत, काथ्या निघतो. तो चाक आणि बेअरिंगच्या घराच्या मधल्या फटीत गुंडाळत जातो, आधी सैल, मग आवळत दोरखंडासारखा. सीलच्या ओठाखाली शिरतो, ग्रीस बाहेर येतं, बेअरिंग कोरडं पडून जळतं. सुकवून दळू म्हणाल तर बाहेरचं कवच दगडासारखं होतं आणि आत भुसा.

माड घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी: दात नुकते धार लावलेले, थ्रॉटल पूर्ण, आणि एका फेरीला बोटभरापेक्षा कमी खोली. चाक वरून मध्यभागी खुपसू नका. समोरच्या कडेवरून खरवडत आत या. दर दहा मिनिटांनी इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, कोयत्याने काथ्या कापा. इंजिन चालू ठेवून हे करणारा माणूस बोटं मोजायला शिकतो.

खोडकर
म्हणजे माडाला लहान यंत्र चालत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभार.

कुळागरी
पात्रांव, काथ्या मोठ्या यंत्रालाही तसाच गुंडाळतो. एचपी वाढले की तो आणखी आवळतो, एवढाच फरक. कॅटलॉग वाचून धंदा होत नाही.

सोंड्या
मुद्दा भरकटवू नका. दळायचं की नाही ते बोला.

चिरेखाण
तुमचाच मुद्दा अर्धा आहे, सोंड्या. दळून चुरा त्याच खड्ड्यात लोटला आणि वर माती ओढली, की पावसात तो ओला, उबदार, कुजका ढीग होतो. गेंडा भुंग्याला याहून चांगलं काय हवं? अख्खा बुडखा कुजायला वेळ घेतो, तुम्ही त्याला जेवण चावून दिलंत. चुरा मूळ बुडख्याच्या दोन-तीन पट फुगतो. तो उचलून पातळ पसरून उन्हात वाळवा, नाहीतर मेटारायझियम बुरशी मिसळा, अळ्यांवर ती चालते. आणि बुडाशी गॅनोडर्मा या माड कुजवणाऱ्या बुरशीची छत्री दिसली तर दळायचं नावही काढू नका. तिथे बुडखा मुळ्यांसकट खणून जाळायचा आणि भोवती चर मारून शेजारच्या माडांपासून तोडायचा.

सोंड्या
चुऱ्याचं मान्य. पण ‘ठेवा तसाच’ यापेक्षा दळून उचलणं बरंच, एवढं तरी लिहा.

चिरेखाण
लिहिलं. उचलणं हा शब्द जाड अक्षरांत वाचा.

कायदेपंडित_नाही
सगळे यंत्रावर बोलताय, परवानगीवर कोणी नाही. १९८४चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१६ मध्ये सरकारने माड ‘झाड’ या व्याख्येतून काढला, आरडाओरडा झाला, २०१७ मध्ये पुन्हा आत घेतला. आता गिऱ्हाईक म्हणतं, माड तर गवताच्या जातीचा, त्याला कसली परवानगी? असलं वनस्पतिशास्त्र सांगून दंड टळत नाही. दळायला जाण्याआधी तोडीचा कागद बघा. बुडखा दळून टाकला की कुठलं झाड होतं आणि किती जाड होतं याचा पुरावाच संपतो, आणि मग संशय तुमच्यावर.

बॅकहो_भाऊ
परत तेच २०१६. दर धाग्यात हा माणूस माड घेऊन येतो.

कायदेपंडित_नाही
माड मी नाही आणला. वर बघा, तुम्हीच आणलात.

खोडकर
मूळ प्रश्नाकडे या. कुळागरीबाब, गल्ल्या आणि कुळागरं सोडली तर पर्वरी, आसगावच्या बंगल्यांत मोठी फाटकं आहेत, लॉन आहे, गुलमोहर आहे. गुलमोहराची मुळं वरच्या वर दहा-दहा फूट धावतात. ती हँडलच्या यंत्राने पाठलाग करून दळणार? किनाऱ्यावरचं सुरूचं झाड घ्या. लाकूड इतकं टणक की लहान यंत्राचा बेल्ट घसरतो, जळक्या रबराचा वास येतो आणि सेंट्रिफ्यूगल क्लच (फेऱ्या चढल्या की इंजिन चाकाला जोडणारा) तापून निळा पडतो.

कुळागरी
क्लच निळा पडतो तो अर्ध्या थ्रॉटलवर चाक टेकवल्याने. फेऱ्या पूर्ण चढू द्या, आवाज बसला की चाक मागे घ्या, पुन्हा चढू द्या. बेल्ट नवा असताना पहिल्या दोन-तीन तासांनी ताण तपासा, नवा बेल्ट वाढतोच. एअर फिल्टरचा बाहेरचा स्पंज रोज धुवा. आपली तांबडी धूळ पिठासारखी आत जाते. हे केलं तर सुरूही निघतो. वेळ लागतो, हे मान्य.

गुलमोहराच्या धावत्या मुळांचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. लिहिताना हात दुखला, पण बरोबर आहे.

खोडकर
हात दुखला तो हँडलच्या यंत्रामुळे असेल.

बरं, माझ्याकडूनही एक. पाचशे किलोचं चाकांचं यंत्र जुलैत लॉनवर घातलं की अॅक्सलपर्यंत रुततं. मोठं घ्यायचं तर रबरी पट्ट्यांचंच, तेही पट्ट्या आत ओढून तीन फुटांच्या फाटकातून जाणारं. खाली १८ मिमीच्या प्लायच्या चार फळ्या टाकत टाकत न्यायचं. छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) बसतं, पण चढवायचे रॅम्प यंत्राच्या वजनाचे घ्या. मोटारसायकल चढवायच्या फळीवर नको.

बॅकहो_भाऊ
म्हणजे शेवटी काय घ्यायचं?

चिरेखाण
वर्षभराच्या कामांची वही काढा. प्रत्येक कामापुढे तीन आकडे लिहा: फाटकाची रुंदी, बुडख्याचा व्यास, आणि बुडख्याशेजारी पहार किती आत जाते. ६० सेंटिमीटरच्या वरचे बुडखे आठवड्याला दोन येत नसतील तर मोठं यंत्र उभं राहून गंजेल. येत असतील तर खोडकर म्हणतो ते. पहार वीतभरावर खणकन वाजत असेल तर कुठलंही घ्या, पण दातांचा एक पूर्ण संच आणि बोल्ट गाडीत ठेवा.

कुळागरी
आणि दर सांगताना चुरा कोण नेणार ते आधी बोला. दोन फुटांच्या बुडख्याचा चुरा वीस-पंचवीस घमेली सहज होतो. तो दरात धरला नसेल तर संध्याकाळी फाटकात उभं राहून भाटकाराशी त्यावरूनच भांडण होतं.

सोंड्या
माडाचा असेल तर खड्ड्यात ठेवू नका.

कायदेपंडित_नाही
आणि कागद.