'कृषी व्यापार सुधारणा': सुधारणा म्हणायचं की दुसरं काही?

बर्डीकर: नागपुरातल्या एका शेतीविषयक मासिकासाठी लेख लिहितोय. श्रीमंत देशांनी शेतीची अनुदानं, आयातकर कमी केले की गरीब देशांचं काय होतं, असा विषय. 'रिफॉर्म'ला सगळीकडे 'सुधारणा' लिहीत गेलो आणि मॉरिशसपाशी अडलो. युरोपीय संघाने २००६ मध्ये साखर धोरणात 'सुधारणा' सुरू केली, म्हणजे साखरेचा हमी दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. मॉरिशस, फिजी, जमैकाची साखर तिथल्या त्या चढ्या दरावरच विसंबून होती. त्यांच्यासाठी ही सुधारणा कशी?

सरकी: सुधारित वाण, तब्येतीत सुधारणा... शब्दातच 'बरं झालं' बसलेलं आहे. आपल्या नागपूर सुधार प्रन्यासातला (शहरविकास पाहणाऱ्या संस्थेतला) 'सुधार'सुद्धा 'इम्प्रूव्हमेंट'च. 'फेरबदल' करा.

पराटी: मंत्रिमंडळासारखे? फार मिळमिळीत. आणि एकट्या मॉरिशसकडे पाहून शब्द कसा टाकायचा? युरोप अनुदानावर साखर बाहेर काढतो नि आमचा भाव पाडतो, म्हणून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडले आणि २००५ मध्ये जिंकले. त्यांना विचारा, सुधारणाच म्हणतील. कापसाचंही तेच. अमेरिकेत अनुदानाच्या जोरावर कापसाच्या गाठी वाढल्या की जगात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव दबतो, आणि रुई दबली की आपल्याकडे सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला शेतकऱ्याच्या कापसाला भाव देताना हात आखडता घेतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली २००३ पासून हेच अनुदान काढा म्हणताहेत. या चौघांना 'फेरबदल' नकोय हो.

सरकी: मान्य. पण अनुदान गेल्यावर गव्हाचा भाव चढला, तर गहू विकत घेऊन खाणाऱ्या गरीब देशाने काय म्हणायचं?

पराटी: 'महागाई'. 😀

सरकी: मग जे केलं किंवा मागितलं, तेच लिहा ना. 'साखरेच्या हमी दरात कपात', 'कापूस अनुदान बंद'. कोणाचं भलं झालं ते पुढच्या वाक्यात येऊ द्या. 'सुधारणा' फक्त युरोपचं म्हणणं सांगताना, अवतरणचिन्हात.

बर्डीकर: मजकुरात असंच करतो. मथळ्यात 'कपात' टाकली तर लोक वीजकपात समजतील, तिथे 'सुधारणा' राहू देतो.

पराटी: अवतरणचिन्हं तेवढी काढू देऊ नका. मुद्रितशोधक पहिला हात त्यांनाच घालतो.