पगार, दागिने, होमलोन आणि रेशन किट: जकातीचा हिशेब आणि वाटप कसं करायचं? (नाशिक)

अंबड_जनरल_शिफ्ट

अस्सलामु अलैकुम. अंबड एमआयडीसीत नोकरी, घर वडाळ्याकडे, मसलक (धर्मशास्त्राचा पंथ) हनफी. यंदा जकातीचा (वर्षाला बचतीतून गरिबांना द्यायचं बंधनकारक दान, 2.5 टक्के) हिशेब नीट कागदावर मांडायचा आहे. आकडे असे:

बचत खात्यात 1,84,000 रुपये, त्यात 4,000 बँकेचं व्याज. म्युच्युअल फंडाची आजची किंमत 2,40,000. एका मित्राकडे उसने 30,000 अडकलेत, देणार हे नक्की. होमलोनचा हप्ता महिना 14,000. क्रेडिट कार्डाचं 12,000 बिल भरायचंय. पीएफ वेगळा. बायकोकडे 6 तोळे सोनं आणि तिच्या खात्यात 9,000.

पीएफ धरायचा का? होमलोन किती वजा करायचं? बायकोचं सोनं साडेसात तोळ्यांच्या आत आहे, मग तिला माफ ना? आणि मोहल्ल्यात रेशन किट वाटले किंवा कुणाचं दवाखान्याचं बिल भरलं तर जकात अदा होते का?

खतावणी

वालेकुम अस्सलाम. भाई, आधी तोळा. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सांगताना साडेसात तोळे सोनं आणि साडेबावन्न तोळे चांदी म्हणतात, तो जुना 11.664 ग्रॅमचा तोळा. म्हणजे सोनं 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे 10 ग्रॅम. त्या तोळ्याने साडेबावन्न धरले तर चांदीचा निसाब 525 ग्रॅमवर येतो आणि हिशेब चुकतो. ग्रॅममध्येच मांडा.

रोख रकमेला चांदीचा निसाब लावतात. गणितापुरता चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरला तर 61,236 रुपये. खरा भाव तुमच्या तारखेचा घ्या. तुम्ही त्याच्या बरेच वर आहात.

तुमचा हिशेब: व्याजाचे 4,000 आधीच बाजूला काढा. ते तुमच्या मालकीचं धरायचं नाही. सवाबची (पुण्याची) नियत (इरादा) न ठेवता गरिबाला देऊन टाकायचं, जकातीत वळतं करायचं नाही. उरले 1,80,000. त्यात फंड 2,40,000 आणि येणं 30,000 मिळवा, झाले 4,50,000. लांब मुदतीच्या गुंतवणुकीत कंपनीच्या रोख आणि मालाच्या हिश्श्यावरच जकात, असंही एक मत आहे. पण तो हिस्सा काढायला ताळेबंद चाळावे लागतात. पूर्ण किंमत धरलेली बरी, देणं थोडं जास्त जातं एवढंच.

आता वजाबाकी. कार्डाचे 12,000 गेले. होमलोनबाबत मुफ्ती (धर्मशास्त्राचे जाणकार) दोन तऱ्हेने सांगतात: पुढच्या बारा महिन्यांचे हप्ते वजा करा, किंवा फक्त आत्ता देय असलेला हप्ता. पूर्ण कर्ज वजा करू नका. वीस वर्षांचं कर्ज असं वजा करायला लागलं तर फ्लॅटवाला एकही माणूस जकातीत सापडायचा नाही. पहिल्या पद्धतीने 4,50,000 − 12,000 − 1,68,000 = 2,70,000, जकात 6,750. दुसऱ्या पद्धतीने 4,50,000 − 12,000 − 14,000 = 4,24,000, जकात 10,600. फरक 3,850 चा. तुमचा हप्ता पुढच्या पगारातून जाणार, बचतीतून नाही. म्हणून मी दुसरी पद्धत धरायला सांगेन.

पगारातून सक्तीने कापला जाणारा पीएफ हातात येईपर्यंत धरायचा नाही, असं बहुतेक हनफी दारुल इफ्ता (फतवा देणाऱ्या संस्था) सांगतात. स्वतःहून जास्त कापून घेत असाल तर तेवढ्या भागाचं मुफ्तीसाहेबांना वेगळं विचारा. राहतं घर, गाडी, फ्रीज, कपडे यावर काही नाही. विकायच्या इराद्याने घेतलेला प्लॉट असेल तर आजच्या बाजारभावाने पूर्ण धरायचा.

भाभींचं सोनं ही नेहमीची गल्लत. नुसतं सोनं असतं, सोबत चांदी नाही, रोकड नाही, तर 60 ग्रॅमवर जकात नसती. पण गरजेपलीकडचे 9,000 खात्यात आहेत. हनफी पद्धतीत सोनं आणि रोकड एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडतात. त्यामुळे जकात आहे, आणि ती त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. वजन करताना खडे वजा करा, घडणावळ धरू नका, आणि 22 कॅरेटला 22 चाच भाव लावा. गणितापुरता ग्रॅमला 10,000 धरला तर 6,00,000 + 9,000 = 6,09,000, जकात 15,225. हातात एवढी रोकड नाही म्हणून सुटका नाही. त्यांच्या परवानगीने तुम्ही भरू शकता. नाहीतर सोन्याच्या हिश्श्यापोटी दीड ग्रॅम सोनंच देता येतं.

तारीख चांद्र वर्षाची ठेवा. निसाब पहिल्यांदा पुरा झाला ती तारीख. आठवत नसेल तर अंदाजाने एक ठरवा आणि मग बदलू नका. चांद्र वर्ष 354 दिवसांचं. कुणी 31 मार्चला हिशेब करत असेल तर दर 2.5 ऐवजी साधारण 2.58 टक्के लावावा लागतो. त्या दिवशी खात्यात जे असेल ते सगळं धरायचं, आदल्या दिवशी आलेला पगारसुद्धा. प्रत्येक रुपयाला वेगळं वर्ष मोजत बसायचं नाही.

कोकणीपुरा

वरचा हिशेब हनफी आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. आमच्या शाफई (दुसरा मसलक) घरांत बायकांच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, बेताचे असतील तर. गुंतवणूक म्हणून लॉकरात ठेवलेली बिस्किटं आणि नाणी मात्र धरायची. शाफईंमध्ये सोनं आणि चांदी एकमेकांत मिळवूनही निसाब पुरा करत नाहीत.

फित्र्यातही (रमजान ईदच्या आधी माणशी द्यायचं दान) फरक आहे. हनफी अर्धा साअ (धान्याचं जुनं माप) गहू, म्हणजे वजनाने पावणेदोन किलोच्या आत, किंवा त्याची किंमत देतात. आमच्यात पूर्ण साअ आणि घरात जे धान्य खातात तेच: माणशी अडीच ते तीन किलो तांदूळ. ज्याला झेपतं त्या हनफीने खजूर किंवा मनुक्याच्या पूर्ण साअच्या हिशेबाने द्यावं. सगळेच गव्हाचा सर्वात स्वस्त आकडा धरून बसतात. आणि ईदगाहच्या वाटेवर पाकीट हातात कोंबण्यात अर्थ नाही. घेणाऱ्याला दूध, शेवया, पोरांचे कपडे घ्यायला दोन-तीन दिवस आधी मिळायला हवं.

वडाळा_नाका_वाटप

किटचं मी सांगतो.

जकात अदा व्हायला गरजू माणूस त्या वस्तूचा मालक झाला पाहिजे. किट घरी दिला, त्याने हवं तर खाल्लं, हवं तर विकलं, मालकी झाली. इफ्तारचा दस्तरखान मांडून शंभर जणांना जेवू घातलं, तर हनफी मताने त्यातून जकात अदा होत नाही, कारण ते खाण्याची मुभा देणं झालं. इफ्तार सदक्यातून (ऐच्छिक दानातून) करा. मशिदीचं बांधकाम, पंखे, बोअरवेल, कब्रस्तानची भिंत, यातल्या कशालाही जकात चालत नाही. तिथे मालक होणारा माणूसच नाही.

किटचा जो माल घरात पोचला त्याचीच किंमत जकातीत धरायची. टेम्पोचं भाडं, पिशव्या, हमाली तुमच्या खिशातून.

किटमध्ये काय घालायचं ते आधी रेशनकार्ड बघून ठरवा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य सरकारी दुकानातून फुकट मिळतं, अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो. त्यांच्या घरात आणखी 10 किलो गहू टाकला की तो कमी भावाने परत दुकानात जातो. कमी पडतं ते तेल आणि डाळ. पाच माणसांच्या घराला महिन्यासाठी तूरडाळ 3 किलो, मसूर 1, चणाडाळ 1, तेल 4 लिटर, साखर 3 किलो, चहापत्ती 500 ग्रॅम, बेसन 1 किलो, खजूर 1 किलो, मीठ, तिखट, आणि शिरखुर्म्यासाठी शेवया 500 ग्रॅम. ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांच्या किटात तांदूळ आणि आटा वाढवा. तेलाचे पाऊच वरच्या वजनाने फुटतात आणि अख्खा किट तेलकट होतो, बाटली घ्या. साबण त्याच पिशवीत टाकू नका, चहापत्तीला वास लागतो.

माल शाबानच्या (रमजानच्या आधीचा महिना) शेवटच्या आठवड्यात पोचवा. रमजानच्या दहाव्या रोज्याला पोचलेल्या किटाचा काय उपयोग, तोवर दुकानात उधारी झालेली असते.

चौक मंडई, भद्रकाली, वडाळा, प्रत्येक भागात तीन-चार गट वाटतात. एकाच घरात चार किट जातात आणि शेजारी एकही नाही. यावर इलाज म्हणजे गटांनी रेशनकार्डाचे शेवटचे चार आकडे जुळवून पाहणं. याद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. फोटो तर नकोच. रांग लावली की मजबूत माणूस पुढे येतो आणि इद्दतमध्ये (नवरा वारल्यावर घरातच राहायचा काळ) बसलेली बाई, जी चार महिने दहा दिवस घरातच आहे, तिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची नमाज) घरपोच द्या. जकात आहे हे सांगायची सक्ती नाही. मनात नियत पुरे, तोंडाने ईदी म्हटलं तरी चालतं.

माझं मत विचाराल तर ओळखीच्या घराला किटपेक्षा रोख द्या. घरभाडं थकलेलं असताना दारात बेसन आणून ठेवण्यात काय हशील? आणि सगळं रमजानवर ढकलू नका. हनफी आणि शाफई दोघांत जकात आगाऊ देता येते. तुमचे 10,600 बारा हप्त्यांत साधारण 885 होतात. शाळेची फी, वह्या-पुस्तकं जूनमध्ये लागतात, तेव्हा द्या. वहीत तारीख आणि रक्कम लिहा, वर्षअखेर हिशेबात कमी निघालं तर भर घाला.

आरोग्य_मदत_डेस्क

बिलाबद्दल. रुग्णाला न सांगता परस्पर काउंटरवर भरलं तर हनफी पद्धतीत जकात अदा झाली का याची शंका राहते. त्याच्या हातात द्या, किंवा ‘तुमच्या वतीने मी भरतो’ असं सांगून परवानगी घ्या आणि मग भरा. बेशुद्ध असेल तर गरजू असलेल्या नातेवाईकाला रक्कम द्या, तो भरेल.

पण जकात काढण्याआधी दोन दारं ठोठावा. एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच त्याच्याकडे जा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर उशीर झालेला असतो. दोन, धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 एए प्रमाणे त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो हाताशी ठेवा. दहा घरांची जकात एका बिलात गेली आणि नंतर कळलं की योजनेत बसत होतं, असं होऊ देऊ नका.

अंबड_जनरल_शिफ्ट

जझाकल्लाह. आणखी दोन गोष्टी. सोसायटीचा वॉचमन सुरगाण्याचा आहे, मुसलमान नाही, त्याच्या मुलीची फी भरायची आहे. आणि सख्खी बहीण अडचणीत आहे.

खतावणी

बहिणीला द्या, तीच पहिली. भाऊ, काका, मावशी, सासू-सासरे चालतात, फक्त ते स्वतः निसाबाचे मालक नसावेत. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको यांना एकमेकांची जकात चालत नाही. त्यांचा खर्च तसाही आपल्यावरच असतो. सय्यद (पैगंबरांच्या वंशातल्या) घराण्यालाही नाही, त्यांना हदिया (भेट) म्हणून वेगळं द्या. बहिणीचे दागिने मात्र आधी बघा, तिच्याकडे गरजेपलीकडचं निसाबाएवढं असेल तर जकात नको.

वॉचमनच्या मुलीची फी जरूर भरा, पण नफली (ऐच्छिक) सदक्यातून. चारही मसलकांत जकात सर्वसाधारणपणे मुसलमान गरिबालाच. नफली सदक्याला धर्माची अट नाही. सिव्हिलमध्ये पेठ, सुरगाण्याहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाईकांना जेवण द्यायचं तेही याच खात्यातून. दर महिन्याला ठरावीक रक्कम सदक्याची वेगळी ठेवलीत तर जकातीशी गल्लत होत नाही.

मित्राकडचे 30,000 बुडायला लागले आणि तो खरंच गरजू निघाला, तर ‘सोडले, जकातीत धरतो’ असं करू नका. जकातीचे पैसे त्याच्या हातात द्या, मग तो आपलं देणं फेडेल. न फेडलं तरी दिलेली जकात परत मागायची नाही.

ओझर_द्राक्षबाग

शेतीवाल्यांचं कुणी लिहिलं नाही. पिकाला 2.5 टक्के नाही. पावसावर आलेल्याला दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलेल्याला विसावा. ड्रिपवरची द्राक्षं म्हणजे विसावा. इमाम अबू हनीफांच्या मते सगळ्या पिकांवर, कांदा-टोमॅटोसुद्धा. शाफईंमध्ये द्राक्ष आणि खजूर आहेत, भाजीपाला नाही. इथे वर्ष पुरं व्हायची वाट बघायची नसते, हंगाम निघाला की द्यायचं. भारतातल्या जमिनीला उश्र (पिकावरची ही जकात) लागतो की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, तेव्हा सातबाऱ्याचा इतिहास घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा.

खतावणी

ट्रस्टमार्फत देणाऱ्यांसाठी एक राहिलं. ट्रस्ट हा तुमचा वकील (प्रतिनिधी), गरिबापर्यंत पैसा पोचेपर्यंत हनफी मताने जकात अदा झालेली नसते. जकातीचं खातं वेगळं आहे का, किती महिन्यांत वाटतात, ऑफिसचा खर्च कशातून करतात, एवढं विचारून मगच द्या. करसवलत हवी असेल तर 2,000 च्या वरची रक्कम रोखीने देऊ नका, ती धरत नाहीत. नवी करपद्धत घेतली असेल तर देणगीची ती सवलतच नाही, पावतीसाठी ट्रस्ट शोधत बसू नका, सरळ बहिणीला द्या.